वार्तापटांची साक्ष

इतिहास वाचण्याचे दिवस गेले, आतां तो पाहावयाचा, असें अलीकडे सुशिक्षित घरांतूनही मोठ्या समाधानानें बोललें जातें. विसाव्या शतकांतील अमेरिकेचा इतिहास तर आपल्याकडील पुष्कळांनीं वाचलेला नसून पडद्यावर पाहिलेलाच आहे. जळत कोसळणारी वायुनौका, धुरांत बुडालेल्या युद्धनौका, अन्नासाठीं रांगेंत उभे असलेले बेकार, हसतमुख रूझवेल्ट, हीं सारीं करडीं, थरथरतीं चित्रें त्या काळच्या वार्तापटांतून, म्हणजे न्यूजरीलमधून, उचललेलीं असतात. आणि तीं पाहून उठलेला मनुष्य 'आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें' असें म्हणतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्याशीं वाद कसला घालावयाचा? आम्हांस मात्र तो घालणें अगत्याचें वाटतें.

अमेरिकेंत वार्तापटांचा नियमित क्रम १९११ सालीं पाथे कंपनीनें सुरू केला, आणि १९६७ मध्यें हर्स्ट व युनिव्हर्सल यांचे पट बंद पडले तेव्हां तो संपला. मधल्या काळांत पाथे, फॉक्स, पॅरामाउंट, हर्स्ट आणि युनिव्हर्सल या पांच कंपन्या आठवड्यांतून दोनदां सुमारें दहा मिनिटांचा पट चित्रगृहांना पुरवीत. प्रेक्षक तिकीट काढी तें मुख्य चित्रपटासाठीं; वार्तापट ही पानाची डावी बाजू. तिनें तोंडाला चव आणावी, पोट बिघडवूं नये, एवढीच अपेक्षा. यामुळें पोहणाऱ्या सुंदरी, घोड्यांच्या शर्यती, जहाजांचें जलावतरण आणि टोप्या उंचावणारे पुढारी यांची त्यांत रेलचेल असे. करमणुकीच्या व्यापाऱ्यांनीं करमणुकीसाठीं निवडलेली ही सामग्री आज आपण जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारतों, याचें आश्चर्य कोणास वाटूं नये हेंच आश्चर्य.

पटांत दिसतें तें सारें घडलेलेंच असतें, हें गृहीतच मुळीं निराधार आहे. वार्तापटांचा जन्म होण्यापूर्वींच ही खोड लागली होती. १८९९ सालीं फिलिपाइन्समध्यें अमेरिकन फौजा लढत असतां एडिसनच्या कंपनीनें कॅलूकन येथील चढाईचा एक पट विकावयास काढला. तो चित्रित झाला होता न्यू जर्सींत! पर्ल हार्बरची कथा याहून बोधप्रद आहे. ता. ७ डिसेंबर १९४१ च्या त्या हल्ल्याचीं खरीं चित्रें थोडीं. म्हणून जॉन फोर्ड व ग्रेग टोलंड यांनीं आरमारासाठीं केलेल्या 'डिसेंबर सेव्हन्थ' या पटांत अनेक प्रसंग नटांकडून व लहान प्रतिकृतींच्या साहाय्यानें रचले. १९४३ च्या त्या पटाला ऑस्कर पारितोषिकही मिळालें. पुढें मात्र त्याच रचलेल्या प्रसंगांचे तुकडे खऱ्या हल्ल्याचीं चित्रें म्हणून माहितीपटांतून फिरूं लागले. ज्यांनीं ते रचले त्यांच्यापेक्षां, ज्यांनीं ते न सांगतां वापरले त्यांचा अपराध आम्ही अधिक मानतों.

'हिंडेनबर्ग'चें उदाहरण घ्या. ता. ६ मे १९३७ रोजीं लेकहर्स्ट येथें ही वायुनौका जळाली आणि ३६ माणसें मेलीं. वार्तापटांचे कॅमेरे तेथें हजर होते. शिकागोच्या एका नभोवाणी केंद्राचा हर्बर्ट मॉरिसनही आपलें वर्णन तबकडीवर मुद्रित करीत होता. त्याचा गदगदलेला आवाज आज त्या चित्रांना असा चिकटला आहे, कीं दोन्ही एकाच यंत्रांतून निघालीं असें वाटावें. वस्तुतः तो आवाज लोकांनीं नभोवाणीवर दुसऱ्या दिवशीं ऐकला, आणि चित्रांशीं त्याची गांठ मागाहून मारण्यांत आली. दोन्ही साक्षी खऱ्या. पण त्या दोघांच्या नांवावर खपविली जाणारी संयुक्त साक्ष त्यांची नव्हे.

आणि जें पटांत नाहीं त्याचें काय? रूझवेल्टांचे पाय १९२१ सालीं पोलिओनें गेले. अध्यक्षपदाच्या बारा वर्षांत चाकांच्या खुर्चींतले रूझवेल्ट वार्तापटांत जवळजवळ दिसतच नाहींत. कॅमेरावाले हा संकेत पाळीत, आणि न पाळणाऱ्यास अध्यक्षांचे रक्षक आडवे येत. येथें खोटें चित्र कोणींच घेतलें नाहीं. खरें घेतलें नाहीं, इतकेंच.

परंतु एवढ्यावरून 'मग हीं चित्रें सारींच टाकाऊ' असा निष्कर्ष काढणारे जे अतिशहाणे आहेत, त्यांच्याशींही आमचें जमत नाहीं. त्यांनीं शिकागोकडे पाहावें. ता. ३० मे १९३७ रोजीं, मृत सैनिकांच्या स्मृतिदिनीं, रिपब्लिक स्टील कंपनीचे संपवाले व त्यांचे सहानुभूतिदार, बायकामुलांसह, कारखान्याकडे चालत निघाले. पोलिसांनीं त्यांस माळावर अडविलें, गोळ्या झाडल्या, दंडुके चालविले. दहाजण मेले. बड्या वृत्तपत्रांनीं मेलेल्यांनाच दंगलखोर ठरविलें. पॅरामाउंट कंपनीच्या कॅमेरावाल्यानें तो प्रसंग टिपला होता. पण चित्रगृहांत प्रेक्षक खवळतील असें कारण देऊन कंपनीनें ती फीत दडपून ठेवली. नागरिक स्वातंत्र्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सिनेटच्या ला फॉलेट समितीनें हुकूम काढून ती ताब्यांत घेतली. सेंट लुईच्या 'पोस्ट डिस्पॅच' पत्रानें फितींत काय आहे तें जगापुढें मांडलें, आणि जुलैमध्यें समितीच्या बैठकींत ती उघड दाखविण्यांत आली. पळणाऱ्यांचा पाठलाग करून त्यांना झोडपणारे पोलिस तींत स्पष्ट दिसत होते.

येथें फितीनें मेलेल्यांची अब्रू राखली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. पण ती एकटीनें नव्हे. गोळीबार सुरू झाला नेमक्या त्याच वेळीं कॅमेरावाला भिंग बदलीत होता; म्हणजे ज्या क्षणाविषयीं सारा वाद, त्या सुमारें सात सेकंदांचें चित्रच नाहीं! समितीनें मग काय केलें? साक्षीदार तपासले, स्थिर छायाचित्रें जुळविलीं, मृतांच्या जखमा पाहिल्या. दहापैकीं सातांना गोळ्या पाठींत लागल्या होत्या, तिघांना कुशींत, समोरून एकालाही नाहीं. फितीची उलटतपासणी झाली म्हणूनच ती साक्ष झाली. आणि इतकें होऊनही कॉरोनरच्या ज्यूरीनें पोलिसांचें कृत्य समर्थनीयच ठरविलें, एकाही पोलिसावर खटला झाला नाहीं, हें 'चित्र दिसलें कीं सत्य जिंकलें' असें मानणाऱ्या भाबड्यांनीं विसरूं नये.

आतां प्रश्न आजचा. रंग नव्हते तेथें रंग भरण्याची, पावलें वाजलीं नव्हतीं तेथें तीं वाजविण्याची, आणि नसलेलें चित्र यंत्राकडून निर्माण करविण्याची सोय झाली आहे. त्या सात सेकंदांची पोकळी कोणी 'हौशी' निर्माता उद्यां भरून काढील, आणि त्याची वाहवाही होईल. दुसरीकडे मूळ फिती मात्र नाशिवंत. युनिव्हर्सल कंपनीनें आपला संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यास दिला होता. त्यांतील सव्वा कोटी फुटांहून अधिक नायट्रेट फीत ७ डिसेंबर १९७८ रोजीं मेरीलंडमधील सूटलंड येथील आगींत भस्म झाली. जें वांचलें त्यावर स्वामित्वहक्काचा अडसर नाहीं, म्हणून स्वस्त. स्वस्त म्हणून सर्वत्र तेंच. एका राष्ट्राची स्मृति आगीनें आणि दरपत्रकानें ठरवावी, यापरता विपर्यास कोणता? उलट फॉक्सच्या ज्या फिती साउथ कॅरोलायना विद्यापीठानें जतन केल्या, त्यांत चित्रगृहांत कधींच न दाखविलेले, कापून बाजूस ठेवलेले तुकडेही आहेत. खरा अभ्यासक तेथें जाईल. गाळलें काय, हें कळल्यावांचून निवडलें तें कां, हें कळत नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. जुनें चित्र दाखवितांना तें कोठलें, केव्हांचें, कोणीं घेतलेलें. आवाज त्याचाच कीं मागून जोडलेला. प्रसंग घडलेला कीं रचलेला, इतकें खालीं एका ओळींत लिहावें. यावर निर्माते म्हणतात, अशा ओळींनीं प्रेक्षकांचा रसभंग होतो. कॅलूकनच्या त्या पटाची प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहे, आणि तेथील सूचींत तो पुन्हां वठविलेला प्रसंग असल्याचें स्वच्छ नोंदलेलें आहे. ती नोंद वाचून तो पट पाहावयाचा कोणी सोडला आहे, असें अद्याप तरी आमच्या ऐकिवांत नाहीं.