आधी घंटागाडी, मग दंड

उघड्यावर कचरा जाळू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकचा धूर प्रथम शिरतो तो झोपडीतल्या तान्ह्या मुलाच्या छातीत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे जाळणे निषिद्ध ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळपोळीस ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली.

ही रक्कम भरावयाची कोणी? रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी मजुराला ५,००० रुपये म्हणजे, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने, रोजगार हमीवरील १६ दिवसांची कमाई. त्याच २०१६ च्या नियमांनी नगर परिषदेवरही कर्तव्ये लादली होती : वर्गवारी केलेला कचरा दारोदार उचलावा, पालापाचोळा न जाळण्याची ताकीद झाडूवाल्यांना द्यावी. ज्या गल्लीत घंटागाडी फिरकत नाही, तेथे काडी ओढणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविणे हा न्याय नव्हे.

शिवारातही हाच प्रश्न आहे. धुऱ्यावरचे गवत आणि सोयाबीनचे कुटार शेतकरी हौसेने पेटवीत नाही. पेरणीपूर्वी रान मोकळे करण्यास त्याच्यापाशी दुसरे साधन नसते. सहकारी तत्त्वावर यंत्र मिळाल्यास तेच कुटार खत होऊन जमिनीत परतेल.

कार्यकर्त्यांनी प्रभागवार पाहणी करावी, गाडी न पोहोचणाऱ्या गल्ल्यांची यादी नगर परिषदेपुढे ठेवावी आणि आधी सोय, मग शिक्षा हा क्रम तिच्याकडून मान्य करून घ्यावा.