निकाल ताऱ्यांचा, प्रश्न जमिनीचा

मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका सत्याग्रहाने कोरले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकरी उभा राहिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. आज तेच नाव गुन्हेवृत्तांत कोयत्याच्या हल्ल्याचे विशेषण म्हणून वापरले जाते. या अधःपाताचा दोष प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु हा चित्रपट कसा पाहावा हे प्रेक्षकाला शिकविण्याचे काम ज्यांनी पत्करले, त्या समीक्षकांची जबाबदारी अधिक मोठी आहे.

चित्रपट शुक्रवारी झळकतो आणि रविवारपर्यंत त्याचा निकाल लागतो. अभिनय जोरकस, मध्यंतरानंतर पकड सैल, हिंसा अंमळ जास्त, तारे तीन! बाजारात माल उतरला की त्यावर प्रतीचा शिक्का मारावा, त्यातलाच हा प्रकार. गिऱ्हाइकाने तिकिटाचे पैसे खर्च करावेत की नाही, एवढाच या निकालाचा आवाका. ज्या समाजातून ती कथा आली, त्याचे काय झाले हा प्रश्न या मोजपट्टीत बसतच नाही.

वस्तुतः ‘मुळशी पॅटर्न’ची कथा अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. एक पाटील जमीन विकतो, पैसा संपतो आणि मुलगा गुन्हेगारीत शिरतो. बहुतेकांनी यातून काढलेला बोध एकच: बापाने जमीन विकायला नको होती, पैसा उधळायला नको होता. चित्रपटाचा स्वतःचा उपदेशही याहून फार पुढे जात नाही. समीक्षकाने येथेच दिग्दर्शकाला अडवावयास हवे होते.

शेतजमिनीची किंमत पिकावर ठरते. त्याच जमिनीला रस्ता मिळाला, शेजारी हिंजवडीसारखी औद्योगिक वसाहत आली आणि बिनशेतीचा आदेश निघाला की तिची किंमत अनेक पटींनी वाढते. या वाढीत खरेदीदाराच्या घामाचा एक थेंबही नसतो. रस्ता समाजाच्या पैशाने होतो, आदेश शासनाच्या सहीने निघतो. जॉन स्टुअर्ट मिलने अशा वाढीला अनर्जित म्हटले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. मुळशीत ती वाढ विकासकाच्या तिजोरीत गेली. शेतकऱ्याला मिळाली पिकाच्या हिशेबाची एकरकमी रोकड. पिढ्यानपिढ्या उपजीविका देणाऱ्या साधनाच्या जागी खर्च होणारा पैसा आला आणि तो खर्च झाला. यात नवल कसले? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विस्थापिताचा पुनर्वसनाचा हक्क मान्य केला. पण ‘राजीखुशी’च्या खरेदीखतावर अंगठा उमटला की त्या हक्काचे नावही कोणी काढीत नाही.

याच तालुक्यात लवासा उभे राहिले. चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लवासा कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल करून घेतले. कंपनी बुडाली की तिच्यासाठी कायदा असतो, न्यायाधिकरण असते, तोडग्याची मुदत असते. शेतकरी बुडाला की त्याच्यासाठी ‘उधळ्या’ हे विशेषण असते! एका दिवाळखोरीला व्यवहार म्हणावयाचे आणि दुसरीला चारित्र्यदोष, हा न्याय कोणता?

समीक्षकाने चित्रपटाला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता. या कथेचे दुःख सातबारा असलेल्या पाटलाचे आहे. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या कातकऱ्याला आणि शेतमजुराला विक्रीच्या व्यवहारात काय मिळाले? काम गेले, मोबदला नाही. मुळशी सत्याग्रहातही हीच दरी होती. पुण्यातील सावकार-जमीनदारांना मोबदला वाढवून हवा होता, कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला पडद्यावर कोण दिसत नाही हेही चटकन दिसते.

पुढे २०२१ मध्ये या कथेचा हिंदी अवतार ‘अंतिम’ आला. शीर्षकातून मुळशी गेली आणि सलमान खान यांचा पोलीस अधिकारी कथेच्या मध्यभागी आला. जमिनीचा प्रश्न कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न झाला. मूळ चित्रपटाकडे केवळ गुन्हेगारीपट म्हणून पाहणाऱ्या समीक्षेनेच या रूपांतराची वाट मोकळी केली होती.

यावर आक्षेप येईल की कलेचे मूल्य कलेच्या निकषांवर ठरावे, अर्थशास्त्र तेथे कशाला? आक्षेप गंभीर आहे. घोषणा दिल्याने चित्रपट चांगला होत नाही, आणि पक्षाला सोयीचा आहे म्हणून कोणत्याही कलाकृतीला तारे वाटण्याचा धंदा आपणही करू नये. पण मध्यंतरानंतर ‘पकड सैल’ का होते, याचे उत्तर कलेच्या निकषांनीच शोधून पाहावे. टोळ्या एकमेकींवर तुटून पडू लागल्या की जमीन घेणारे भांडवल कथेतून निसटते. मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच उद्ध्वस्त शिवारातले. ज्याच्यामुळे ते शिवार गेले तो प्रेक्षकाच्या नजरेआड. कारण निसटले की कथेचा ताणही निसटतो. कलेतील उणीव आणि विचारातील उणीव येथे एकच आहे.

कार्यकर्त्यांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवू नये. पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या गावांत तो दाखवावा आणि खेळ संपल्यावर उठून जाऊ नये. कोणत्या गटाची विक्री कोणत्या भावाने झाली, बिनशेती केव्हा झाली, आज तेथे भाव काय, हे गावकऱ्यांनीच फळ्यावर मांडावे. तारे मोजणाऱ्यांनी आपला निकाल केव्हाच दिला आहे. मुळशीच्या जमिनीचा निकाल अजून लागावयाचा आहे.