एसीत बसून कसला त्रास?

"पोरगं एसीत बसून काम करतं, त्याला कसला त्रास?" असं एक आई आम्हाला म्हणाली. पोरगा वस्तीतला पहिला एमबीए. मोठ्या सल्लागार कंपनीत लागला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. दीड वर्षाने आई त्याला आमच्याकडे घेऊन आली, पित्त वाढलंय म्हणून. आम्ही बीपी मोजलं, १५० वर १००. वय २६. जेवण रात्री बाराला, झोप चार तास. पित्ताच्या गोळीने हे भागणार नव्हतं. आम्ही त्याला डॉक्टरकडे पाठवलं.

या कंपन्यांत नेमकं काय चालतं, हे आपल्या घरांना माहीत नसतं. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या त्यातल्या चार मोठ्या. ऑडिट, कर आणि दुसऱ्यांच्या धंद्याला सल्ला हे त्यांचं काम. तिथे माणसाचे तास विकले जातात. कोणता तास कोणत्या गिऱ्हाईकाच्या नावावर टाकला, हे टाइमशीटमध्ये भरावं लागतं. एक प्रोजेक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत माणूस 'बेंच'वर. तिथे फार दिवस बसला की नोकरीची धास्ती. शिवाय बरोबरच्यांशी तुलना करून रेटिंग. म्हणून रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला तरी "उद्या करतो" म्हणायची हिंमत होत नाही.

आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या. ड्यूटी जड असायची, पण पुढची सिस्टर आली, चार्ज दिला, की आम्ही मोकळ्या. या पोराचा चार्ज घ्यायला कोणी येतच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत घरचे झोपले की हा मोरीजवळ लॅपटॉप घेऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितलं, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. खुर्ची गादीची आहे म्हणून शरीर सूट देत नाही.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात अशाच एका कंपनीतली २६ वर्षांची सीए तरुणी वारली. नोकरीला चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. कंपनीने ते मानलं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मात्र स्वतःहून दखल घेतली.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी आणलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कायम चालणाऱ्या कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ४८ तासांचीच मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय पदांना हा कायदा लागू नाही. मुलाच्या नावापुढे 'मॅनेजर' लागलं की आपण खूश होतो. तास मोजून मागायचा हक्क मात्र तिथेच सुटतो. आमच्या मते ही सूट बदलायला हवी. कंपनीने महिन्यातून एकदा योगाचा वर्ग ठेवला म्हणून झोपेचे तास भरून निघत नाहीत.

नोकरी सोडा, असं आम्ही सांगत नाही. ती किती कष्टाने मिळाली, हे आम्ही जाणतो. पण पोरगं घरी आलं की पगार कधी झाला हे विचारण्याआधी, जेवलास कधी, झोपलास किती, हे विचारा. त्याच्या पगारावर नवा हप्ता घेण्याआधी त्याच्याशी बोला. हप्त्यांमुळेच पोरं 'नाही' म्हणू शकत नाहीत. कामाचे खरे तास त्याला स्वतःच्या वहीत लिहायला सांगा. छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर पित्त समजून बसू नका, १०८ ला फोन करा. मन खचलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

त्या पोराला आता बीपीची गोळी सुरू आहे. नोकरीही सुरू आहे. रात्री अकरानंतर आई त्याचा फोन स्वतःच्या उशाखाली ठेवते. पण साहेबांचा मेसेज आला की तो उठून मागतोच, आणि ती देतेही.