प्रकल्प मोबाईलवर, पाणी विहिरीत

बारावीचा पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा विषयाचा प्रकल्प असो की नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला आणलेला क्षेत्र प्रकल्प, खेड्यातल्या पोरांना विषय बहुतेक गावाशी निगडितच मिळतो. पूर्वी मागच्या वर्षीची वही उतरवली जायची. आता चॅटजीपीटीत गावाचं नाव टाकलं की काही मिनिटांत पंधरा-वीस पानं तयार. भाषा शुद्ध, तक्ते नीटनेटके. घोळ तक्त्यातल्या आकड्यांत असतो.

ही साधनं पुढे कोणता शब्द बसेल याचा अंदाज बांधत मजकूर जुळवतात. पुण्या-नाशिकबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, म्हणून अंदाज बराचसा जमतो. दीड हजार वस्तीच्या गावाबद्दल फारसं काही नसतंच, तरी उत्तर तेवढ्याच ठामपणे येऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले कोर्टात दाखल्यादाखल दिले आणि 5 हजार डॉलर दंड ओढवून घेतला. विरुद्ध बाजूच्या वकिलांना ते खटले सापडेनात, म्हणून बिंग फुटलं. गावच्या प्रकल्पाला विरुद्ध बाजू नसते.

‘2021 च्या जनगणनेनुसार’ असं वाक्य दिसलं की तिथंच थांबावं. कोरोनात लांबलेली ती जनगणना झालीच नाही. 2011 नंतरची जनगणना 2027 ची.

खरे आकडे जवळच असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. महसूल मंडळाचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. अर्थात सरकारी कागदही डोळे झाकून घेऊ नये. सातबाऱ्यावर सोयाबीन अन् वावरात तूर, असंही असतं. त्यासाठी बांधावर जावं लागतं, चार म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं.

एआय वापरूच नये, असं नाही. प्रश्नावली तयार करायला, इंग्रजी अहवाल समजून घ्यायला, स्वतः मोजलेल्या आकड्यांचा तक्ता करायला ते कामाचं आहे. तेवढं प्रकल्पात लिहून टाकावं. पण उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावचं पोरगं ‘गावात मुबलक पाणी’ असं छापून मार्क घेत असेल, तर चूक एकट्या पोराची नाही. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला रचलेला आकडा सापडत नाही; तो कुठूनच उतरवलेला नसतो. सरांनी तोंडी परीक्षेत एवढंच विचारावं: विहीर कुणाची, अन् पाणी कोणत्या महिन्यात मोजलं?