शिह त्झू घरी आणण्यापूर्वी



कांदिवलीच्या महावीरनगरात सकाळी फिरावयास निघालो, की जमिनीला टेकणाऱ्या केसांचे, कपाळावर रबराने शेंडी बांधलेले दोन-चार छोटे श्वान हमखास भेटतात. विचारले तर मालक कधी ‘ल्हासा’ म्हणतात, कधी ‘शिह त्झू’. या दोन जाती एक नव्हेत. ल्हासा अप्सोचे नाक किंचित लांब आणि वृत्ती पहारेकऱ्याची; अनोळखी माणसाविषयी तो साशंक असतो. शिह त्झूचे तोंड चपटे, डोळे टपोरे, आणि संशय त्याच्या स्वभावातच नाही. दुकानाच्या राखणीसाठी कोणी तो आणू पाहत असेल तर विचार सोडावा. चोराचेही तो शेपूट हलवून स्वागत करील.

‘शिह त्झू’ या चिनी नावाचा अर्थ सिंह. तिबेटी वंशाचा हा श्वान पेकिंगच्या राजवाड्यात वाढला. सम्राज्ञी त्सु-शी हिला त्याची विशेष आवड होती. १९०८ मध्ये ती निवर्तल्यावर राजवाड्यातील ही जोपासना विस्कळीत झाली. १९३० मध्ये काही श्वान इंग्लंडला पोहोचले, आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. वजन चार ते सात किलो, काम एकच : माणसाच्या सहवासात राहणे. म्हणूनच दिवसभर बंद सदनिकेत एकटे राहणे त्याला मानवत नाही.

मूळ थंड प्रदेशातला हा जीव मुंबईच्या उकाड्यात आपण आणतो, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. श्वानाला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. आखूड नाकामुळे शिह त्झूला तेही पुरेसे जमत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याला दुपारी बाहेर नेऊच नये. रस्त्यावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. तो अडखळू लागला वा हिरड्या निळसर दिसल्या, तर साध्या पाण्याने अंग भिजवून, पंख्याचा वारा देत तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. परळचे पशू रुग्णालय नामांकित खरे, पण अशा वेळी कांदिवलीहून परळ फार दूर. जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक आधीच टिपून ठेवावा.

केस सतत वाढतात, म्हणून रोज विंचरणे आले. प्रदर्शनाचा हेतू नसेल तर ते आखूड ठेवणेच सुज्ञपणाचे. डोळ्यांत केस घासून जखम होते आणि हयगय झाल्यास दृष्टीही जाते.

आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न आहाराचा. मांजराला शाकाहार पुरत नाही. श्वानाला तो मानवू शकतो, मात्र पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेला. दूध-भात म्हणजे संतुलित आहार नव्हे. कांदा-लसूण त्याला विषारी, तेव्हा त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर सोयीचे. पण द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही घातकच. प्रभावनेत मिळालेली सुक्या मेव्याची पिशवी खाली ठेवू नये. त्याचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकले तर हरकत नाही, पण पाण्याचे भांडे रात्रभर भरलेले हवे. चौविहाराचा नियम आपण घेतला आहे, त्याने नव्हे. अन्न-पाणी रोखणे आणि बांधून ठेवणे हे दोन्ही अहिंसाणुव्रताचे अतिचार आहेत. बाल्कनीत साखळीने बांधलेला श्वान पाहिला की मला ते आठवतात.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे प्राण्यांचा व्यापार, येतो. याच मुंबईत १८३४ मध्ये मोतीशा शेठ आणि जमशेटजी जीजीभाई यांनी पांजरापोळ उभारली, आणि तिच्यामागे दोन वर्षांपूर्वी भटक्या श्वानांच्या हत्येवरून झालेली दंगल होती. आपण स्वतः विक्री करीत नाही, हे ठीक. पण गिऱ्हाईक असते म्हणून दुकान चालते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. कोणी सोडून दिलेला, मोठा झालेला श्वान दत्तक मिळत असेल तर तो आधी पाहावा. पिल्लूच हवे असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य मंडळाकडे नोंदणी असलेल्या पैदासकाकडेच जावे आणि त्याची आई दाखवावयास सांगावे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. आई दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर तेथून परतावे.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही मुदत पाहत असू. इथे ती दहा ते सोळा वर्षांची. ज्या नातवाच्या हट्टापायी पिल्लू येते, तो तोवर शिक्षणासाठी परगावी गेलेला असेल. मग केस विंचरणे, फिरविणे हे सारे सूनबाईंकडे किंवा आजींकडे येते. निर्णयाच्या बैठकीत त्यांचे मत प्रथम घ्यावे. सम्मेदशिखर वा पालिताण्याच्या यात्रेला सारे कुटुंब जाईल तेव्हा श्वान कोणाकडे राहील, हेही त्याच दिवशी ठरावे.

सोसायटीची काळजी नको. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही पाळीव श्वानावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मात्र जिन्यात केलेली घाण मालकाने स्वतः उचलावी. महानगरपालिकेचा परवाना आणि दरवर्षीच्या रेबीज लसीची नोंद एकाच फायलीत लावून ठेवावी. कमिटीच्या सभेत ती दाखविली की पुष्कळसा वाद तेथेच मिटतो.