घरसंसार : जोत्याखालची काळी माती



देवळी तालुक्यातील एका ताईंचे पत्र आले आहे. रमाई आवास योजनेतून त्यांना २६९ चौरस फुटांचे घरकुल मंजूर झाले. मुलाने मोबाईलवर पाहिले की परदेशात जोत्याच्या काँक्रीटखाली थर्माकोलचे जाड थर घालतात. आपणही घालावे काय, असे त्या विचारतात.

ताई, घालू नका. ते बर्फाच्या मुलखाचे काम. घरातली ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून ते लोक तसे करतात. आपल्याकडे वैशाखात आग बरसते ती छपरातून. जमीन उलट थंडावाच देते. थर्माकोलचे पैसे मुरमात घाला.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. २००९ साली आम्ही हिंगणघाटकडे दोन खोल्या बांधल्या. मुहूर्त पाहिला नाही, ते योग्यच झाले. पण माती पाहिली नाही, ही चूक झाली. पायाची खोदलेली काळी माती ढिगाने पडली होती. मिस्त्री म्हणाला, वाया कशाला घालवता, जोत्यात भरून टाका. मुरमाच्या दोन ट्रॉल्या वाचल्याचा आम्हाला आनंदच झाला. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीच्या मधोमध कोबा फुगून वर आला, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग छपरापर्यंत गेली, आणि दार काही केल्या लागेना. कोबा उखडून पुन्हा करण्यात दोन वर्षांची बचत गेली.

कपाशीची ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला ती सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. ती ओळखायची रीत सोपी आहे. माती वाळवून, बारीक करून चाळा. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत सारखीच टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता आणि दिवसभर हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती दीडपट किंवा जास्त वर आली, तर सावध व्हा. प्रयोगशाळेतही १०-१० ग्रॅम माती घेऊन हेच करतात.

मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर काळी माती पार करून पाया त्यावरच टेकवा. माती खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काढलेली रीत आहे : साधारण साडेतीन मीटर खोल गोल खांब, खाली अडीचपट रुंद फुगा, वरून बीमने जोडलेले. हे मात्र इंजिनिअरला विचारूनच करावे. पवईच्या आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर दाबून बसवण्याची पद्धत दाखवली. तेव्हा जोत्यात काळ्या मातीचे एक घमेलेही परत जाऊ देऊ नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने टाका, पाणी मारा, धुम्मसने ठोका. हे श्रम घरच्यांनी केले तर मजुरीही वाचते.

हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात, म्हणून जोते लवकर वर दिसावे अशी घाई होते. ती ठोकण्याच्या कामात करू नका. बीमवर निदान सात दिवस, आणि हल्लीचे राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारायचे असते. हा हंडा बहुधा बाईच्याच डोक्यावर येतो. पुरुष मंडळींनीही तो उचलावा.

घराभोवती दोन-तीन फूट बाहेरच्या उताराचा कोबा करा. न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका, आणि भिंतीलगत मोठे झाड लावू नका. मुळे पाणी ओढतात, माती बसते.

ताईंनी ग्लासांचा प्रयोग करावा, आणि पाण्यातली माती किती बोटे वर आली ते आम्हाला जरूर कळवावे.