आठवीतला एक फॉर्म

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत सत्कारांचा मोसम सुरू होतो. शादीखान्यात मंडप, हार, मोमेंटो, नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचे बॅनर. मुली बहुतेक पुढेच असतात, म्हणून भाषणांत मुलींच्या शिक्षणाचं कौतुकही होतं. यात वाईट काही नाही. पण त्याच मंडपात मागे बसलेल्या पासष्ट टक्केवाल्या मुलीच्या अकरावीचं काय, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. तिच्या घरी मात्र हिशेब सुरू झालेला असतो. बसचा पास, पुस्तकं, कॉलेज लांब, आणि शेवटी अब्बांचं ठरलेलं वाक्य, "दहावी झाली ना, आता बस."

हा हिशेब थोडाफार बदलू शकते अशी एक परीक्षा आठवीत असते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, म्हणजे शाळेच्या भाषेत एनएमएमएस. केंद्र सरकारने ही योजना 2008 मध्ये सुरू केली. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, थेट त्याच्या बँक खात्यात. चार वर्षांचे 48,000. श्रीमंताला ही रक्कम किरकोळ वाटेल. हातमागावर किंवा हातगाडीवर चालणाऱ्या घरात मात्र मुलगी स्वतःच्या नावावर महिना हजार रुपये आणते, तेव्हा "बस" म्हणायला बाप जरा अडखळतो. आणि पैसे बारावीपर्यंत मिळतात, दहावीला थांबली तर बंद. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

अटी अवघड नाहीत. शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत किमान 55 टक्के. म्हणजे आपल्या उर्दू शाळांतली कितीतरी मुलं पात्रच आहेत. पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते.

तरीही फॉर्म भरताना अनेक शाळांत "हुशार चार-पाच" निवडले जातात. बाकीच्यांना सांगितलंही जात नाही. कारण काय, तर शाळेचा निकाल खराब दिसेल. पंचावन्न टक्क्यांची अट सरकारने घातली, त्यावर नव्वदची अट आपण कशाला घालायची? बौद्धिक क्षमतेच्या पेपरात वर्गात मधल्या बाकावर बसणारं पोर कधीकधी पहिल्या बाकावाल्याला मागे टाकतं. पाठांतर तिथे कामाला येत नाही.

सराव मात्र लागतो. (उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत आखाडा. या परीक्षेला दोन्ही लागतात.) उर्दू माध्यमाच्या मुलांची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मजकूर उजवीकडून डावीकडे, आकडे डावीकडून उजवीकडे. अक्षरमालिका किंवा आकृत्यांची मालिका समोर आली की सुरुवात कुठल्या टोकाकडून, इथेच पोर थबकतं. दीड तासात नव्वद प्रश्न असताना हे थबकणं महागात पडतं. महिनाभर रोज वीस प्रश्न सोडवून घेतले की ही अडचण जाते. जादा तासाला खडू-फळा पुरतो.

खरी दमछाक कागदांची. आठवड्याच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या माणसाकडे पगाराची चिठ्ठी नसते. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर एक दिवसाची मजुरी बुडते, एका फेरीत काम झालं तर. नावांचा घोळ तर विचारू नका. जनरल रजिस्टरला मोहम्मद, आधारवर मोहंमद, बँकेत नुसतं मो. शेख आधी की शेवटी, आडनाव कुठलं, मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव आहे की नाही. यादीत नाव आलं तरी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तिथे नावं जुळली नाहीत की पैसे अडकतात. परीक्षा जिंकून मूल स्पेलिंगमध्ये हरतं, हे पाहून फार चीड येते.

आणि इथेच मोहल्ल्याने कामाला यावं. कोचिंग क्लास काढा असं मी म्हणत नाही. सत्काराच्या खर्चातले थोडे पैसे बाजूला काढा. ज्या मशिदीत कमिटीची तयारी असेल, तिथे शाळा सुरू झाल्यावर जुम्याच्या नमाजनंतर टेबल मांडून दोन पदवीधर मुलं बसवा. आधार, जन्मदाखला, बँकेचं पासबुक घेऊन या, नाव एकसारखं करून देतो, एवढं काम. ज्यांचा अर्ज बँकेत किंवा सेतू केंद्रात करायचा, तो तिथेच लिहून द्या. फॉर्मची तारीख जवळ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातल्या 11,682 शिष्यवृत्त्या येतात. आपल्या मुलांपैकी किती निवडली जातील ते गुणवत्ता ठरवेल. फॉर्म किती भरले गेले, हे आपण ठरवतो. तुमच्या घरात, शेजारी कुणी आठवीत असेल तर उद्या शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना विचारा. "तुमच्या मुलीला नाही जमायचं" असं उत्तर आलं, तर सातवीची गुणपत्रिका पुढे ठेवा आणि फॉर्म भरूनच घरी या.